खडा साबूत हाय तोवर

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "काका, अकीकावर लिहा. इतिहास, प्रकार, कोणता खडा कोणत्या दुखण्याला चालतो, असं वाचकांना उपयोगी पडेल ते." मी म्हटलं, लिहितो, पण उपयोगी पडेलच असं काही सांगत नाही. चाळीस वर्षं मी खडे कापले आणि विकले, आधी नांदेडला उस्तादांच्या हाताखाली, मग लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत स्वतःच्या दुकानात. दुकान बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. दगडाबद्दल जे येतं ते सगळं सांगतो. एका खड्याबद्दल मी घरातसुद्धा कधी बोललो नाही, तेही सांगून टाकतो.

अकीक म्हणा, हकीक म्हणा, चीज एकच. त्यासाठी खाणीत उतरावं लागत नाही. आपली सगळी जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. हा पाषाण कधीकाळी वितळलेला होता, त्यात हवेचे फुगे अडकले, आणि थंड झाल्यावर त्या पोकळ्यांत पाणी झिरपत झिरपत एकेक थर धरत गेला. तो अकीक. बाहेरून बघाल तर बटाटा. पावसाळा सरला की गोदावरीच्या पात्रात, नांगरलेल्या रानात असे गोटे उघडे पडतात आणि लोक त्यांना ठोकरून पुढं जातात. किनवट, हिमायतनगरकडची माणसं ते पोत्यात भरून आमच्याकडं आणायची. गोटा चिरला, धुतला आणि उजेडाकडं धरला, की आतल्या पट्ट्या दिसायच्या. मी किती गोटे चिरले याची गणती नाही, पण पहिल्यांदा आत बघताना मी दुकानात कुणाला बोलू द्यायचो नाही. बायको म्हणायची, एवढं कौतुक पोरांच्या निकालाचं नाही केलं.

तेर गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, आजही अकीकाचे मणी सापडतात. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचा हा माल बैलांच्या पाठीवर भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून जहाजानं रोमला. आपल्या बांधावरचे दगड तिकडच्या राण्यांच्या गळ्यात. हे मी मोठ्या अभिमानानं गिऱ्हाइकाला सांगायचो आणि गिऱ्हाईक सगळं ऐकून घेऊन म्हणायचं, "ते ठीक हाय, पर मला तिकडलाच दाखवा. यमनी." मग करीम उस्तादांची आठवण यायची. त्यांच्याकडं कुणी यमनी अकीक मागितला की ते गोदावरीचाच चांगला खडा पुढं ठेवायचे आणि म्हणायचे, "यमन बी अल्ला का, नांदेड बी अल्ला का."

या उस्तादांकडं मी सोळाव्या वर्षी गेलो. माझे वडील शाळामास्तर, मी कचेरीत चिकटावं ही त्यांची इच्छा. मी दगडाला चिकटलो. उस्तादांनी पहिलं काय शिकवलं तर भाजणं. लाल अकीक निसर्गात फार थोडा लाल निघतो. पिवळट गोटे महिनाभर उन्हात ठेवायचे, मग मडक्यात भरून गोवऱ्यांच्या मंद आचेवर चढवायचे. आच हळू वाढवायची, हळू उतरवायची, मडकं पुरतं निवेपर्यंत हात लावायचा नाही. "पत्थर कू जल्दी पसंद नईं मियाँ. ठैरो," हे मी रोज ऐकायचो. माझं पहिलं मडकं मी अर्थातच लवकर उघडलं आणि सगळा माल वाया घालवला. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी आठवडाभर मला दुसरं कामच दिलं नाही. ते तडकलेले खडे एकेक करून भिंगाखाली बघायचे, एवढंच. मार बसलेल्या खड्याची चीर एका जागेवरून निघते, तिथं टवका गेलेला असतो. आगीनं तडकलेल्या खड्याला सुरुवातीची जागा नसते, सगळ्या अंगभर बारीक जाळं पसरतं आणि आतला उजेड जातो. त्या आठवड्यानंतर मला या दोन चिरांत कधीच गफलत झाली नाही.

आता गुणांचं. तांबडा अकीक रक्त थांबवतो म्हणून बाळंतिणीला देतात. दूधिया अंगावरचं दूध वाढवतो आणि डोकं थंड ठेवतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुलेमानी भीतीवर. आत झाडाच्या फांद्या उमटलेला शजरी शेतकऱ्याला आणि डोळ्यासारख्या गोल चकत्यांचा नजरेवर. पूर्ण काळा शनीसाठी नेतात. तो काळा खडा आधी साखरेच्या पाकात मुरवतात आणि मग तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून काळा करतात, हे मी शनीच्या गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही. अकीकाचे खरे उपयोग वेगळेच आहेत. सोनार त्यानं सोन्याला झिलई देतो, वैद्य त्याच्या खलात भस्म घोटतो, कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या नाजूक तराजूची दांडी अकीकाच्या धारेवर तोललेली असायची. इतका टणक, इतका बिनतक्रार दगड दुसरा नाही.

माझा विश्वास होता का, असं विचाराल तर खडा बांधून ताप उतरलेला मी पाहिला नाही. पण खडा बांधल्यावर माणूस गाढ झोपलेला पाहिलाय, आणि तेवढ्यावर मी माझा संसार केला.

आमच्या धंद्यात एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं. गिऱ्हाईक तडकलेला खडा घेऊन आलं की म्हणायचं, "बरं झालं. तुमच्यावर येणारं खड्यानं स्वतःवर घेतलं." गिऱ्हाईक हात जोडतं आणि नवा खडा घेऊन जातं. दाराच्या कडीवर आपटला असेल, मोरीत पडला असेल, आम्हाला काय करायचंय. उस्तादांनीही हे वाक्य मला शिकवलं होतं आणि मी ते कितीदा म्हटलं असेन ते मलाही सांगता येणार नाही.

भूकंप झाला त्या पहाटे लातूर हललं, पण माझं दुकान उभं राहिलं. औसा तालुक्यातली गावंच्या गावं मात्र मातीत गेली. त्यानंतर दोन महिने दुकानात गर्दी मावेना. सगळ्यांना सुलेमानी पाहिजे. मला गल्ल्यावर बसायची लाज वाटायची आणि उठून जायचीही हिंमत होत नव्हती. त्या गर्दीत कौशल्याबाई आल्या.

त्या किल्लारीजवळच्या एका गावच्या, शेतकऱ्याघरच्या. वय तिशीच्या आत. भूकंपाच्या सहा महिने आधी, मुलगी झाली तेव्हा, त्यांच्या नवऱ्यानं माझ्याकडून तांबड्या अकीकाची अंगठी नेली होती. आता कडेवर ती मुलगी होती, कपाळाला पट्टी. नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा माळवदाखाली गेले. या दोघी जिवंत निघाल्या. बाईंनी हात पुढं केला. अंगठीतला खडा तडकला होता.

"भाऊ, लोक म्हणतेत, खड्यानं घेतलं म्हणून तुमी वाचल्या. खरं हाय का?"

मी खडा बघितला. एका कडेला टवका गेलेला, तिथून चीर आरपार. वरून काहीतरी आदळलं होतं, लाकूड असेल, दगड असेल. मला हे स्वच्छ दिसत होतं. पण समोर ती बाई उभी होती, आणि मी ते पाठ वाक्य बोललो. बरं वाटावं म्हणूनच बोललो.

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "मग चार घ्यायला पायजे व्हते. म्या एकच घातला व्हता."

त्या रडत नव्हत्या. मुलीला मांडीवर घेऊन एकटक खड्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "पत्र्याच्या शेडात पडवतच न्हाई. पोरीला घेऊन बाहीर बसते, थंडी असली तरी. आता पुन्ना हलणार म्हणतेत. म्या कसं वळखायचं, भाऊ? हिला घेऊन कवा पळायचं?"

मी आतून एक लालभडक, वर दुधाची एक बारीक रेघ असलेला खडा आणला. माझ्या हातच्या मालात तो उजवा. एकाच गोट्यातून जोड निघाली होती, दोन्हीवर रेघ अगदी एकाच जागी. त्यातला एक मी चांदीत मढवून दिला आणि काळ्या दोऱ्यात ओवून मुलीच्या गळ्यात बांधला. त्यावेळी जे बोललो ते कुठल्याही उस्तादानं शिकवलेलं नव्हतं, ते माझं स्वतःचं होतं.

"बाई, याच्याकडं बघत जा. खडा साबूत हाय तोवर भ्यायचं नाही, घरात खुशाल झोपायचं. तडकला, की पोरीला घेऊन तिथनं निघायचं. एक दिवस थांबायचं नाही."

आठ दिवसांनी त्या मुद्दाम सांगायला आल्या, शेडात झोप लागली म्हणून. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी घरी जाताना पेढे नेले होते.

वर्षं गेली. लातूरचं नाव पुन्हा गाजलं ते पोरांच्या मार्कांमुळं. गल्लीगल्लीत क्लास निघाले, प्रत्येक माडीवर होस्टेल झालं, आणि पोरापोरींचे आईबाप पेटी-गादी सोडून परत जाताना माझ्याकडं यायला लागले. मीही काही साधू नव्हतो. शजरी अकीकाच्या ताटावर मी 'अभ्यासाचा खडा' अशी चिठ्ठी लावली. एक गृहस्थ निकालानंतर खडा परत घेऊन आले. म्हणाले, "गणिताला चालला, जीवशास्त्राला नाही चालला. बदलून द्या." मी बदलून दिला. काय करता.

कौशल्याबाईंची मुलगी, अर्चना, दहावीला तालुक्यात पहिली आली आणि लातूरला आली. बाईंनी सगळी जमीन बटईनं दिली होती. त्या पुनर्वसनाच्या गावात एकट्या राहायच्या आणि दर रविवारी एसटीनं डबा घेऊन यायच्या. आधी माझ्या दुकानावरून जायच्या, नमस्कार घालायच्या. एकदा म्हणाल्या, "लेक डॉक्टर झाली की तिला म्हणणार हाय, ज्यांचं कुणी उरलं न्हाई त्येंच्याकडनं पैशे घेऊ नको." त्या बाईंची सगळी उमेद त्या एका मुलीत होती आणि हे मुलीलाही चांगलं ठाऊक होतं.

बारावीच्या वर्षी, दिवाळीनंतर, एका दुपारी अर्चना एकटी दुकानात आली. गळ्यातला दोरा काढून तिनं खडा काचेवर ठेवला.

"काका, हा तडकला. आपोआप."

मी भिंग लावलं. अंगभर जाळं. उजेड गेलेला. चांदी मागून काळी-निळी पडलेली. हसूच आलं मला.

"कशावर भाजलास गं?"

ती खाली बघतच म्हणाली, "खोलीत कॉईलची शेगडी आहे."

"आणि लगेच पाण्यात टाकलास."

"हो."

"माझ्या उस्तादांना कळलं असतं तर तुला आठवडाभर भिंगाखाली बसवलं असतं," मी म्हणालो. मला खरंच गंमत वाटत होती. या दगडातलं मला किती कळतं हे दाखवायला मिळालं होतं ना.

ती हसली नाही. "काका, तुम्ही मायला फोन करा. तुम्ही म्हणालात तर ती ऐकेल. म्हणावं, खडा तडकलाय, पोरीला घेऊन जा."

"का? काय झालं?"

"मला वाचलेलं कळत नाही. ओळ वाचते, पुन्हा वाचते, तीच ओळ राहते. झोप येत नाही. मायला सांगितलं दोनदा. ती म्हणते, घाबरू नको, खडा साबूत हाय, तुला काई व्हत न्हाई."

हे आज लिहिताना मला स्वच्छ ऐकू येतं. त्या दिवशी मी ऐकलं ते एवढंच, की पोरगी अभ्यासाला कंटाळली आणि आईला फसवायला निघाली. अशी रडणारी पोरं मी रोज पाहत होतो. मी तिला झापलं. म्हटलं, "तुझ्या मायनं काय काय सोसलं ते तुला माहीत नाही. हे असं भाजलेलं तिच्यापुढं ठेवशील तर ती जागेवर खचेल. चार महिने राहिलेत. चार महिने कुणीही काढतं."

आणि मग मी आत गेलो. जोडीतला दुसरा खडा मी इतकी वर्षं विकला नव्हता, मन झालं नव्हतं. तो काढला, भाजलेल्या खड्याची चांदी उजळली आणि तिच्यात बसवला. दुधाची रेघ बरोब्बर त्याच जागी आली. मी तो तिच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "बघ. तुझ्या मायलाच काय, मलाही ओळखू येणार नाही."

तिनं तो बराच वेळ हातात धरला. "बरं," म्हणाली, आणि दोरा गळ्यात घालून गेली. मी कौशल्याबाईंना फोन केला नाही. त्या रविवारी त्या दुकानावरून गेल्या, नमस्कार घातला, मीही घातला. वाटलं, दोघींची काळजी मिटवली. कारागिरी म्हणून तर ते काम इतकं झकास झालं होतं की मी ते रात्री बायकोला सांगणार होतो, पण राहून गेलं.

पुढं त्या यायच्या बंद झाल्या. मी समजलो परीक्षा झाली असेल, मुलगी कुठं लांब लागली असेल.

दीड वर्षानं आल्या. सोबत अर्चना. तिला मी पटकन ओळखलं नाही. अंगानं सुजल्यासारखी, केस बारीक कापलेले, नजर कुठंच नाही. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि मला सगळं सांगितलं. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस होस्टेलवाल्यांचा फोन आला होता, मुलगी खोलीतून बाहेर येत नाही, जेवत नाही. गेल्या तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. तेव्हापासून बोललेली नाही. लातूरचे डॉक्टर झाले, सोलापूरचे झाले. गोळ्यांनी झोपते. गोळ्या देताना सोलापूरच्या डॉक्टरनं म्हटलं होतं, थोडं आधी आणली असती तर बरं झालं असतं.

"म्या कशी आधी आणणार, भाऊ?" बाई म्हणाल्या. "दर ऐतवारी बघत व्हते. ती म्हणायची, माय, मला ने. म्या तिच्या गळ्यातला दोरा वडून बघायचे. खडा कसा लखलखीत. तुमी सांगितल्यालं, साबूत हाय तोवर भ्यायचं न्हाई." मग पदराच्या गाठीतून त्यांनी नोटा काढायला सुरुवात केली. "आता डोस्क्याला थंडावा देणारा एक द्या. दूधिया का कोणता म्हंता तो. चांगल्यातला द्या."

दूधियाचं ताट माझ्या हाताजवळच होतं. खडा द्यायचा, चार गोड शब्द बोलायचे, की त्या जन्मभर मला दुवा देत राहिल्या असत्या. माझा हात त्या ताटाकडं गेलाही होता. तेवढ्यात माझी नजर अर्चनाकडं गेली. तिच्या गळ्यात तो खडा होता, माझ्या हातचा, रेघ जिथल्या तिथं.

मी बाईंना म्हटलं, पैसे आत ठेवा. आणि सांगितलं. शेगडी, पाणी, ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, जोडीतला दुसरा खडा मी कसा बसवला, सगळं. अंगठीतली चीर कशाची होती तेही सांगितलं, आणि खडा साबूत असल्याचं ते वाक्य माझ्याच मनाचं होतं तेही. मला वाटलं त्या मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी फक्त एवढं विचारलं, "कवा आली व्हती ती तुमच्याकडं?"

"दिवाळीनंतर. त्याच रविवारी तुम्ही आला होतात."

त्या बोलल्या ते माझ्याशी नाही, स्वतःशीच. "म्हंजी तिनं मला बोलावलं व्हतं. दुसरं काई चालंना म्हणून तसं बोलावलं. आन् म्या डबा ठेवून माघारी गेले."

मग त्या उठल्या. मुलीपुढं खाली जमिनीवर बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि एसटीतून आत्ताच उतरल्यासारख्या म्हणाल्या, "अर्चे, आले गं मी. निरोप आत्ता पोचला मला. चल, घरला जाऊ."

मुलीनं आईकडं पाहिलं. बोलली नाही. पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही, आणि कौशल्याबाईंनी ते पुसलंही नाही. येऊ दिलं.